पाह्यलं, ऐकलं, वाटते

आमच्या गुरुजींना वेळ विचारायची सोय नव्हती. मनगटावर घड्याळ होतं, त्याला ते रोज सकाळी किल्लीही देत, पण कोणी वेळ विचारली की घड्याळाकडे पाहून म्हणत, "याच्यात सव्वादहा दिसून राह्यले." किती वाजले ते काही सांगत नसत. चिखलीच्या एसटीची घाई असलेल्या एका पाहुण्यानं त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हेच ऐकल्यावर तो वैतागून शेजारच्या हॉटेलात गेला. हॉटेलवाल्यानं सांगितलं, "सव्वादहा." पाहुणा समाधानानं थांब्याकडे निघाला. हॉटेलात घड्याळ नव्हतं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. आमचं गाव अमडापूरपासून दीड कोसावर. शाळा सातवीपर्यंत. गुरुजी मूळचे जानेफळकडचे. आमच्या शाळेत सहावी आणि सातवीला शिकवत. उंच, खांद्यात वाकलेले. सदऱ्याच्या खिशात खडू सुटेच ठेवत, त्यामुळे त्यांचा डावा खिसा कायम पांढरा असे. रागावत नसत. छडी होती, पण ती फळ्यावरचं दाखवायला. शाबासकीही देत नसत. बरोबर उत्तर दिलं की म्हणत, "मंग?" आणि चुकीचं दिलं तरी म्हणत, "मंग?" आपण कुठल्या बाजूला आहोत हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

त्यांच्या वर्गात वाक्य बोलायचं तर आधी ते कुठल्या गावचं आहे ते सांगावं लागे. गावं तीनच होती: पाह्यलं, ऐकलं आणि वाटते. "पाह्यलं, गुरुजी, नदीले पानी आलं." "ऐकलं, गुरुजी, अकबर मोठा राजा होता." "वाटते, गुरुजी, उद्या सुट्टी हाये." महिन्याभरात आम्हाला ही सवय इतकी लागली की घरीही सुटेना. एकदा जेवताना बाबा म्हणाले, "औंदा कपाशी चांगली होईन." मी म्हटलं, "बाबा, हे वाटते." आई म्हणाली, "तुले एक ठेवून देल्ली का समजन, पाह्यलं का वाटलं."

तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या वर्गाला विचारलं, "पृथ्वीचा आकार कसा आहे?" भास्कर म्हणून सरपंचांचा मुलगा होता, तो उठून म्हणाला, "ऐकलं, साहेब, गोल हाये." साहेबांनी आणखी तिघांना विचारलं. तिघांनीही ऐकलंच होतं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की विद्यार्थ्यांना पृथ्वीच्या आकाराबद्दल खात्री नाही. गुरुजींनी तो शेरा आम्हाला वाचून दाखवला आणि म्हणाले, "साहेबानं पाह्यलं तेच लिवलं."

अमडापूरच्या बाजारात खरबूजवाले त्यांना ओळखून होते. एकानं नव्यानं दुकान लावलं होतं, तो बोलून गेला, "घ्या गुरुजी, हे साखरेवानी गोड हाये."

"तू हे खाल्लं?"

"हे कसं खाईन? याच्या बाजूचं खाल्लं."

"बाजूच्यावरून याचं ठरवतं काय बे?"

त्या माणसानं खरबूज परत ढिगावर ठेवलं. मग म्हणाला, "गुरुजी, न्याचं तं न्या, पण माह्या धंद्यावर बसू नका."

गुरुजींनी ते नेलं. कसं निघालं ते काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला माहीत. काकू कमी बोलत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या पुष्कळ बोलत असं त्या सांगायच्या. पण प्रत्येक वाक्यावर "कायावरून?" आलं की माणूस थकतो. आता भाजीत मीठ कमी पडलं तरी त्या सांगत नसत, नुसती मिठाची वाटी सरकवत.

मार्कांची त्यांची पद्धत अशी: निम्मे उत्तराला, निम्मे कारणाला. माझं पाठांतर चांगलं होतं आणि मला वर्गात पहिली येण्याची सवय होती. सहामाहीत त्यांनी गणित घातलं की चार माणसं एक विहीर दहा दिवसांत खणतात, तर चाळीस माणसं किती दिवसांत खणतील. मी लिहिलं, एक दिवस. मला दहापैकी पाच मिळाले. माझ्या शेजारी वच्छला बसायची. तिचे वडील पुंजाजी भाजीपाला पिकवत आणि नुकतीच त्यांच्या मळ्यात विहीर झाली होती. वच्छलानं लिहिलं, "विहिरीत चाळीस माणसं मावत नाहीत. चार खाली उतरतील, चार वर माती ओढतील, बाकीचे काठावर बिड्या ओढतील. म्हणून दहाच दिवस लागतील. काठावरच्यांनी सांगायला सुरुवात केली तर बारा." तिला नऊ मिळाले. एक मार्क त्यांनी का कापला हे तिनं विचारलं, तेव्हा म्हणाले, "बारा कशावरून ते नाई लिवलं."

माझे बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत आले. "गुरुजी, पोरीचं उत्तर बरोबर हाये ना?"

"हाव."

"मंग पाचच काऊन?"

"उत्तर तिचं नाई. पुस्तकाचं हाये."

बाबांनी विचार केला. "पुस्तक तं आमचंच हाये," ते म्हणाले.

गुरुजी पहिल्यांदा अडकलेले मी तेव्हा पाहिले. पण मार्क वाढले नाहीत. मी आणि वच्छला आठ दिवस बोललो नाही, आणि मग इतक्या घट्ट मैत्रिणी झालो की एकीला हाक मारली तर दोघी ओ देत असू.

त्या वर्षी गावानं अंगमेहनत करून शाळेला एक खोली बांधली. संक्रांत झाल्यावर तिचं उद्घाटन ठरलं. चिखलीहून बीडीओ साहेब येणार म्हणून गावजेवण करायचं ठरलं: रोडगे, वरण, वांग्याची भाजी, गूळ आणि मठ्ठा. रोडग्यांचं पीठ घरोघरून आलं. वांगी सगळीच्या सगळी पुंजाजींनी दिली. डोक्यावरून पाट्या आणून त्यांनी स्वतः ओतल्या, आणि वच्छला शेजारी उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या मळ्यातली हायेत." ताक चौदा-पंधरा घरांतून आलं. ते गोळा करून मठ्ठा करायचं काम गुरुजींकडे होतं. देवळाचा मोठा पितळी हंडा त्यासाठी काढला होता. ताक गाळायचं फडकं धरायला मी आणि आणखी एक मुलगी.

पंगतींचा स्वयंपाक करणाऱ्या कासाबाई तिकडून जाताना हंड्यात डोकावल्या. म्हणाल्या, "गुरुजी, याची कल्हई उडाली दिसते. आंबट हाये, पितळ उतरन त्याच्यात, कळकन ना मठ्ठा."

गुरुजी तेव्हा साहेबांच्या खुर्चीचा एक पाय डगमगत होता त्याच्याखाली खपरी सरकवत होते. मान वर न करता म्हणाले, "चालते हो कासाबाई. घंटाभऱ्यात काय कळकते?"

साहेब अकराला येणार होते. दोनला आले. मठ्ठा सकाळपासून हंड्यात होता.

पहिली पंगत साहेबांची आणि म्हाताऱ्या माणसांची झाली. मग बाप्ये, मग पोरं. शेवटी, स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बाया बसल्या, तोवर मठ्ठा संपला होता. गुरुजीही शेवटीच जेवले. ऊन कलायच्या आत पहिल्या पंगतीतली माणसं ओकायला लागली. मग दुसऱ्या. साहेबांची जीप अमडापूरच्या अलीकडेच थांबली म्हणे; हे ऐकलं. सरपंचांच्या आईनं अंथरूण धरलं ते दोन दिवस सोडलं नाही, हे पाहिलं. कोणी दगावलं नाही, पण पहिले दोन दिवस तशी भीती सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती.

दोष कोणाचा हे ठरायला गावाला तासही लागला नाही. पुंजाजींनी दिवाळीच्या सुमाराला वांग्यांवर किडीची विषारी पावडर मारली होती. गावात असं करणारे ते पहिलेच. "इख मारेल वांगे खाऊ घातले," असं कोणीतरी म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांनी म्हटलं. पुढच्या बाजाराला पुंजाजी वांगी घेऊन अमडापूरला गेले, तर गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. नेलेल्या पाट्या तशाच परत आणून त्यांनी गुरांपुढे ओतल्या. झाडांवरची वांगी पिवळी पडायला लागली. वच्छलाला पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "तू तिकडूनच भर व." दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले तर पुंजाजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "तिले आत्याकडं पाठवून राह्यलो. आता शाळा बस झाली." वच्छला आत होती. बाहेर आली नाही.

चौथ्या दिवशी गुरुजींनी वर्गात आल्याआल्या फळ्यावर लिहिलं, 'वांगी खाल्ल्यामुळे माणसे आजारी पडली.' आणि विचारलं, "बोला. पाह्यलं, ऐकलं का वाटते?"

भास्कर उठला. "पाह्यलं, गुरुजी. म्या सोता वांगी खाल्ली, अन् म्याच ओकलो." कोणी हसलं नाही, कारण निम्मा वर्ग ओकला होता.

"आखीन काय खाल्लं बे?"

"रोडगे. वरन. मठ्ठा. गूळ."

"मंग गुळानं काऊन नाई?"

"गुळानं कोनी ओकते का?"

"वांग्यानं ओकते?"

भास्कर विचारात पडला. त्याच्या घरी आठवड्यातून चारदा वांगी असत.

त्या दिवशी शाळा भरली नाही, गावभर पांगली. प्रत्येकाला एकेक गल्ली दिली होती. घरोघर जाऊन दोनच गोष्टी विचारायच्या: काय काय खाल्लं, आणि ओकले का. मधे आपलं काही बोलायचं नाही. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "म्या सारं खाल्लं अन् म्या ओकत नसते, लिव." एक पाटील म्हणाले, काय खाल्लं ते सांगतो, पण ओकण्यात आमच्या घराण्याचं नाव कागदावर यायला नको. ते गुरुजींनी नुसतं 'एक इसम' असं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळं फळ्यावर मांडलं. देवळातल्या गुरवबुवांना वांगी वर्ज्य होती. त्यांनी एक फोडही खाल्ली नव्हती, आणि ते सगळ्यांत जास्त ओकले होते. शेवटच्या पंगतीतल्या बायांनी वांग्याची भाजी खरडून खाल्ली होती. त्यांच्यातल्या एकीलाही काही झालं नव्हतं. जो जो ओकला होता त्यानं मठ्ठा प्यायला होता. मठ्ठा पिऊन ठणठणीत राहिलेलेही काही होते. भास्कर म्हणाला ते सोडून देऊ. गुरुजी म्हणाले, "सोडाचं नाई. आपल्याले अडचनीचं हाये ते पहिलं लिवाचं."

"मंग ताकच खराब असंन," कोणीतरी म्हणालं.

"ज्या घरून आलं त्या घरी त्याच दिवशी तेच ताक प्याले. ते ओकले?"

यादी पाहिली. पंगतीला न येता घरीच ताक प्यालेले चौघे होते. चौघेही बरे होते.

"मंग ताकाले वाटंत काय झालं? ते कायात होतं?"

"हंड्यात."

"हंडा कोनं पाह्यला?"

सगळे फळ्यावरची यादीच पुन्हा वाचायला लागले. माझ्याबरोबर फडकं धरणारी मुलगी त्या दिवशी आली नव्हती. मला हे सगळं त्या क्षणीच आठवलं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. आदल्या दिवशी गल्लीत विचारत फिरतानाच मठ्ठा, मठ्ठा ऐकून मला कासाबाईंचं बोलणं आठवलं होतं, आणि मी ते तसंच दाबून ठेवलं होतं. शेजारची वच्छलाची जागा रिकामी होती. समोर गुरुजी उभे होते. मला वाटलं, त्यांना आठवत नसेल. नसेल आठवत तर बरं.

मी उठले. "गुरुजी, वाटते का—"

"वाटते का पाह्यलं?"

"पाह्यलं. अन् ऐकलं."

"काय ऐकलं?"

मी सांगितलं. कासाबाई काय म्हणाल्या ते, आणि त्यांना काय उत्तर मिळालं ते, जसंच्या तसं. सांगताना मी फळ्याकडे पाहत होते. गुरुजींनी पाठ फिरवून लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखंच, शिरोरेघ सरळ. 'हंड्याला कल्हई नसल्याचे सांगितले होते. ऐकणाऱ्याने न पाहता चालते म्हटले.' त्याच्याखाली, 'ऐकणारा कोण?' आणि त्याच्याखाली स्वतःचं नाव, आडनावासकट.

घंटा झाली. कोणी उठलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "चाला."

आम्ही सगळे त्यांच्या मागून हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत गेलो आणि व्हरांड्यात थांबलो. हेडमास्तर शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, "गुरुजी, झालं ते झालं. तुम्ही लेखी देऊ नका. शाळेवर येईल. गाव वांग्यांचं म्हणतं आहे, म्हणू द्या. महिन्याभरात विसरतील."

"वांग्याले नोकरी नाई म्हनून त्याच्यावर ढकलाचं?" गुरुजी म्हणाले.

त्यांनी लेखी दिलं. ते आधी चावडीवर सरपंचांना वाचून दाखवलं. सरपंच म्हणाले, "पन गुरुजी, आता तं गावानं ठरवलं हाये." तरी त्यांनी हंडा मागवला, आत हात फिरवला, हाताचा वास घेतला आणि हात धोतराला पुसला. संध्याकाळी गुरुजी पुंजाजींच्या मळ्यात गेले. तिथं काय बोलणं झालं ते मी वच्छलाकडून ऐकलं. गुरुजी म्हणाले, चूक माझी आहे, हे तुम्हाला सांगायला आलो. पुंजाजी म्हणाले, "बसा." मग दोघं बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून होते. निघताना पुंजाजींनी त्यांच्या उपरण्यात वांगी बांधून दिली.

पुढच्या बाजाराला गुरुजी पुंजाजींच्या शेजारी पोतं टाकून बसले. कोणी थबकला की ते त्याला अथपासून सांगत: पंगती किती झाल्या, गुरवबुवांनी काय खाल्लं नाही, मठ्ठा पिऊनही कोण बरं राहिलं. एकेका गिऱ्हाइकाला हे सांगायला बराच वेळ लागे. दुपारी पुंजाजी हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमी घरी जा. तुमचं सांगनं होईस्तोवर गिऱ्हाईक दुसरीकडून घेऊन जाते." गुरुजी गेले. त्यानंतर निम्मी पाटी खपली. पुढच्या आठवड्यात दोन पाट्या. वच्छला शाळेत आली, माझ्या शेजारी बसली, आणि वर्गात त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. पुढे आम्ही दोघी मास्तरणी झालो. ती माझ्या आधी. गावात आजही दोन-चार म्हातारी माणसं आहेत जी म्हणतात, काही म्हणा, त्या वांग्यांतच काहीतरी होतं.

गुरुजींना वरून कागद आला, आणि परीक्षा संपल्यावर बदली. बदली घाटाखाली, मोताळ्याकडे. मी ऐकलं आणि दोन रात्री झोपले नाही. मग धीर करून त्यांच्या घरी गेले. भर दुपार होती. अंगणात बाहेर काढून ठेवलेली भांडी हाताला चटके देत होती. गुरुजी बैलगाडी पाहायला गेले होते. काकू एकट्याच वळकटी बांधत होत्या. मी दोरीचं दुसरं टोक धरलं आणि मला रडू आलं.

"काऊन रडतं व?"

"माह्यामुळं झालं. म्या वर्गात सांगतलं म्हनून."

काकू थांबल्या. म्हणाल्या, "कासाबाईनं मले त्याच दिशी हंड्याचं सांगतलं होतं. अन् म्या यायले सांगतलं, दिवा लावाच्या आधीच."

मला कळायला वेळ लागला. "म्हंजे गुरुजीले ठाऊक होतं?"

"हाव. तीन दिवस भिताडाकडं पाहून जेवले. एकट्यानं चावडीवर जाऊन बोलाची हिंमत होईना. मंग म्हने, पोरं इचारत इचारत माह्यापर्यंत आले तं मले बोलाच लागन."

"अन् म्या सांगतलं नसतं तं?"

काकूंनी गाठ आवळली. "ते मले ठाऊक नाई. त्यायलेबी नसंन."

तेवढ्यात गुरुजी आले. दारात थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू वळकटी उचलून आत निघून गेल्या. गुरुजी काहीतरी बोलणार असं वाटलं, पण ते बराच वेळ खिशातला खडू चाचपत उभे राहिले.

"आभाळ आलं हाये, पोरी," शेवटी ते म्हणाले. "भिजशीन. घरी जाय."

अंगणातलं ऊन तसंच होतं. मी वर पाहिलं नाही. हाव म्हटलं आणि निघाले.